सुटसुटीत यूआरएल: नियम काय करतो, काय करत नाही

संगणकावर मराठी विकिपीडियातलं दारव्हा या गावाचं पान उघडा आणि ब्राउझरची पत्त्याची पट्टी बघा. संकेतस्थळाच्या नावापुढे फक्त ‘विकी’, तिरपी रेघ आणि ‘दारव्हा’. आता त्याच पानावर ‘इतिहास पहा’ दाबा. पत्ता एकदम लांबतो: इंडेक्स डॉट पीएचपी, प्रश्नचिन्ह, टायटल, ॲक्शन. दोन्ही वेळा पान तयार करणारा प्रोग्राम मात्र एकच, इंडेक्स डॉट पीएचपी. पहिल्या पत्त्यात तो दिसत नाही, कारण आलेली मागणी कुठे वळवायची हे सर्व्हरला आधीच सांगून ठेवलेलं आहे. या सूचनेलाच रीराइटचा नियम म्हणतात.

यावरून पहिला गैरसमज निघतो. पत्त्यात जे दिसतं तेच फोल्डर आणि तीच फाइल सर्व्हरवर असणार, असं अनेकांना वाटतं. तिथे ‘दारव्हा’ नावाची फाइल नाही. मजकूर डेटाबेसमध्ये आहे आणि प्रोग्राम तो नाव वाचून शोधून काढतो.

दुसरा गैरसमज जास्त त्रास देतो: रीराइटचा नियम लिहिला की साइटवरच्या सगळ्या लिंक आपोआप सुटसुटीत होतात. होत नाहीत. नियम फक्त आत येणाऱ्या मागणीवर चालतो. पानावर छापलेल्या लिंकला तो हात लावत नाही. त्या आपल्या कोडमध्ये आपणच बदलायच्या. वर्डप्रेसमध्ये पर्मालिंकचा पर्याय निवडल्यावर लिंक बदलतात, त्या वर्डप्रेस स्वतः नव्या पद्धतीने लिहितं म्हणून.

रीराइट आणि रीडायरेक्ट हे एकच, असंही सर्रास मानलं जातं. समजा, दारव्ह्यातल्या एखाद्या कृषी केंद्राच्या साइटवर तुरीच्या बियाण्याचं पान ‘प्रॉडक्ट डॉट पीएचपी’वर, आयडी 12 देऊन उघडतं, आणि दुकानदाराला ते ‘बियाणे/तूर’ या पत्त्यावर हवं आहे. रीराइटमध्ये टपाल कचेरीने पाकिटावरचा पत्ता तसाच ठेवून पत्र आतल्या आत योग्य बिटाला द्यावं तसं होतं; ब्राउझरला काही कळत नाही. रीडायरेक्टमध्ये सर्व्हर ब्राउझरला नवा पत्ता कळवतो आणि ब्राउझर पुन्हा मागणी करतो. कायमच्या बदलासाठी 301, तात्पुरत्यासाठी 302. ब्राउझर 301 लक्षात ठेवू शकतो, म्हणून चाचणी 302 वर करावी.

इथेच एक खड्डा आहे. जुन्या पत्त्यावरून नव्यावर रीडायरेक्ट, आणि नव्यावरून आतल्या आत जुन्यावर रीराइट, असे दोन नियम अपाचे या सर्व्हरच्या एकाच एचटीॲक्सेस या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिले की साइट गरगर फिरू लागते आणि ब्राउझर फार रीडायरेक्ट झाल्याची तक्रार करतो. ‘एल’ हे चिन्ह लावलं की नियम तिथेच थांबतात, असा समज यामागे असतो. एचटीॲक्सेसमध्ये ‘एल’ चालू फेरी थांबवतो. पत्ता बदलला असेल तर अपाचे पहिल्या नियमापासून पुन्हा सुरुवात करतं. अपाचे 2.4 मध्ये त्यासाठी ‘एंड’ हे चिन्ह मिळालं. रीराइटच्या नियमाला ते लावा, म्हणजे फेरा तुटतो. आणखी एक गोष्ट: एचटीॲक्सेसमध्ये नियम पत्ता तपासतो तेव्हा सुरुवातीची तिरपी रेघ काढलेली असते. मुख्य कॉन्फिगरेशनमधला, तिरप्या रेघेने सुरू होणारा नियम इथे तसाच उचलून आणला, तर तो कधीच लागू होत नाही.

अपाचेत हे नियम चालवणारं मॉड-रीराइट राल्फ एंगेलशाल यांनी 1996 मध्ये लिहिलं. मात्र एचटीॲक्सेस सगळीकडे चालते हे खरं नाही. एनजिनएक्स हा दुसरा सर्व्हर ती फाइल वाचतच नाही. तिथे नियम सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्येच लिहावे लागतात. अपाचेतही होस्टिंगवाल्याने परवानगी दिलेली असेल तरच ती चालते.

‘पत्त्यात मराठी चालत नाही’ हे मी अनेकदा ऐकतो. चालतं. ब्राउझर आपल्याला देवनागरी दाखवतो आणि सर्व्हरकडे तिचं सांकेतिक रूप पाठवतो. ‘द’चं होतं टक्के-ई-शून्य, टक्के-ए-चार, टक्के-ए-सहा. देवनागरीच्या एका युनिकोड चिन्हाला अशी नऊ अक्षरं लागतात. ‘दारव्हा’मध्ये काना आणि हलन्त धरून सात चिन्हं आहेत, म्हणजे 63 अक्षरं. व्हॉट्सॲपवर कधीकधी लिंकची लांबलचक माळ दिसते ती यामुळेच. लिंक मोडलेली नसते. मराठी वाचकांच्या साइटवर मराठी पत्ते असावेत असं माझं ठाम मत आहे.

सुटसुटीत पत्त्याने गुगलमध्ये साइट एकदम वर जाते, हाही भ्रमच. प्रश्नचिन्ह असलेले पत्ते आपण वाचू शकतो, असं गुगलने 2008 मध्येच स्पष्ट केलं होतं. सुरक्षाही वाढत नाही. आयडी लपला तरी प्रोग्रामपर्यंत पोहोचतोच, आणि तो तपासून घेणं प्रोग्रामचंच काम राहतं.

खरा फायदा माणसाला होतो. पत्ता वाचता येतो, फोनवर सांगता येतो, पाटीवर लिहिता येतो. जुना पत्ता ज्याच्याकडे आहे त्या माणसालाही पान मिळायला हवं, म्हणून नियम लिहायला बसण्याआधी साइटच्या सगळ्या जुन्या पत्त्यांची यादी करा आणि प्रत्येकाला त्याच्या नव्या पत्त्याकडे नेणारं 301 द्या. सगळे मुखपृष्ठावर ढकलू नका.