पत्रिका छापताना आवतण विसरू नका

आपल्या घरात कोनाड्यात किंवा ट्रंकेच्या तळाशी एखादी जुनी लग्नपत्रिका नक्की सापडेल. ती काढून एकदा वाचा. वर कुलदैवताचे नाव, मग वधू-वर कोण, कोणाचे कोण, गाव कोणते. त्याखाली वार, तारीख, तिथी आणि मुहूर्त तर मिनिटासकट. शेवटी विवाहस्थळ. मांडव कुठे आणि अक्षता कधी, हे कुणाला विचारत बसावे लागत नाही.

आता तिच्या शेजारी एखाद्या शेतकरी मेळाव्याची पत्रिका ठेवा. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, निमंत्रक, संयोजक. नावांवर नावे. मेळावा कशाचा आहे हे शोधायला मात्र कागदावर बोट फिरवावे लागते.

ही टीका मी दुसऱ्या कुणावर करीत नाही. अशी पत्रिका मी स्वतः छापून घेतली आहे. तिची किंमत गावातल्या काही शेतकऱ्यांनी दुबार पेरणी करून मोजली.

अकरा माणसांचा मेळावा

गोष्ट मे २०२२ ची. आदल्या वर्षी सप्टेंबरात अतिवृष्टी झाली आणि काढणीला आलेले सोयाबीन भिजले. अशा बियाण्याची उगवण कमी भरते. घरचे बियाणे पेरण्याआधी ते तपासून घ्या, हे सांगण्यासाठी आम्ही गावात प्रात्यक्षिक ठेवले. तालुक्याच्या छापखान्यातून चकचकीत कागदावर ५०० पत्रिका आणल्या. दिसायला देखण्या होत्या.

पत्रिकेवर २३ नावे होती. मथळा होता, ‘खरीपपूर्व शेतकरी मेळावा व मार्गदर्शन शिबिर’. सोयाबीन हा शब्द पत्रिकेत एकदाही नव्हता. स्थळ छापले होते ‘मारुती मंदिर’. गावात मारुती दोन, एक वेशीतला आणि एक मळ्याकडचा. तारीख होती, पण वार नव्हता. तो निघाला गुरुवार, म्हणजे आमच्या बाजाराचा दिवस. माणसे आली अकरा. त्यातले चार आम्हीच, खात्याचे.

जुलैच्या सुरुवातीला पेरण्या झाल्या आणि आठ दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. मी एका वयस्कर शेतकऱ्याच्या रानात गेलो. तासात हात-हात अंतरावर रोप नव्हते. त्यांनी चंचीतून माझीच पत्रिका काढली, चार घड्या केलेली. म्हणाले, “साहेब, तुम्ही बोलावलं हे खरं. पण ह्या कागदात माझ्या बियाण्याचं कुठं लिहिलंय, तेवढं दाखवा. मला वाटलं, पुढाऱ्यांचं काहीतरी असंल.”

मला दाखवता आले नाही. बियाणे, खत आणि ट्रॅक्टरचे भाडे त्यांनी दुसऱ्यांदा भरले. त्या दिवसापासून पत्रिका कशी छापावी याचा मी विचार करू लागलो. तो आपल्यापुढे ठेवतो. सरपंच, सोसायटीचे संचालक, बचत गटाच्या ताई, मुख्याध्यापक, ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक, या सर्वांना कधी ना कधी पत्रिका छापावी लागतेच.

आधी काम, मग नाव

आवतण वाचणारा मनात पाच प्रश्न विचारतो. कशासाठी? माझा त्यात काय संबंध? कधी? कुठे? येताना काय आणू? या पाचांची उत्तरे पत्रिकेच्या वरच्या अर्ध्या भागात आली पाहिजेत, आणि तीही आपण बोलतो त्या शब्दांत. पुढच्या वर्षी आम्ही छापलेली पत्रिका अशी होती :

घरचे सोयाबीन पेरणार आहात? आधी उगवण तपासा.
शनिवार, २० मे २०२३
सकाळी ७.३० ते ९.००
मळ्याकडचा मारुती, पिंपळाच्या पारावर
येताना आपले बियाणे किलोभर आणावे.
घरच्या बायामाणसांनीही यावे, बियाणे निवडणाऱ्या त्याच आहेत.

यात सजावट काही नाही. मथळा प्रश्नाचा आहे, म्हणजे ज्याच्या घरी बियाणे आहे तो थांबून वाचतो. वार आधी, तारीख नंतर, कारण आपण वारावर चालतो. वेळ सकाळची धरली, कारण तोवर दूध डेअरीला घालून झालेले असते आणि ऊन चढलेले नसते. कार्यक्रम किती वाजता संपणार तेही छापले, कारण दिवस मोडणार नाही अशी खात्री असली की माणूस येतो. तारीख ठरवण्यापूर्वी बाजारचा वार, गावची जत्रा आणि पंचांगातली दाट लग्नतिथी या तीन गोष्टी पाहाव्यात.

मान्यवरांचे काय?

इथे तुम्ही म्हणाल, “नावं नाही टाकली तर गावात राहू देतील का?” खरे आहे. मान ठेवलाच पाहिजे. शासकीय कार्यक्रमाला तर राजशिष्टाचार असतो आणि नावांचा क्रम चुकवून चालत नाही. यावर उपाय सोपा आहे. पत्रिका दुघडी करावी. बाहेरच्या पानावर शेतकऱ्याचे काम, आतल्या पानावर मान्यवरांची नावे रीतसर क्रमाने. नावे लिहिताना ज्या कार्यालयाचा त्याच कार्यालयातून पदनाम तपासून घ्यावे. नाव राहिल्याचा रुसवा जेवढा असतो, तेवढाच ते चुकीचे छापल्याचाही असतो.

छापखान्यात गेल्यावर

पूर्वी खिळे जुळवून छपाई होई. आता संगणकावर मजकूर जुळवतात. काम लवकर होते, पण एक धोका आहे. आपण मोबाईलवर लिहिलेला मजकूर छापखान्यातल्या जुन्या टंकात बदलताना रफार, वेलांटी आणि जोडाक्षरे इकडची तिकडे होतात. म्हणून प्रूफ कागदावर मागून घ्या आणि दोघांनी वाचा. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ मजकुरावर बोट ठेवायचे. तारीख आणि वार कॅलेंडर समोर ठेवून तपासा. फोन नंबर छापलात तर प्रूफवरचा नंबर पाहून प्रत्यक्ष लावून बघा.

अक्षर मोठे घ्या. देवनागरीत वर-खाली मात्रा-उकार असल्याने अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसते. १४ पॉइंटच्या खाली जाऊ नका, म्हाताऱ्या माणसांसाठी १६ बरे. पांढऱ्या कागदावर काळी शाई सगळ्यांत चांगली. लाल कागदावर सोनेरी अक्षर लग्नात शोभते, पण कंदिलाच्या काय, बल्बच्या उजेडातही वाचवत नाही.

खर्चाचेही पाहा. लग्नासाठी ३०० जीएसएमचे जाड कार्ड घेतात. मेळाव्याला ७० किंवा ८० जीएसएमचा साधा कागद पुरतो. एकेरी पत्रिका ए-५ आकाराची, म्हणजे ए-४ कागदाच्या निम्मी केली, तर ५०० कागदांत १००० पत्रिका होतात. दुघडी करायची असेल तर ए-४ कागद मधोमध दुमडावा, त्याचीही ए-५ मापाची चार पाने होतात.

मागची बाजू कोरी सोडू नका

ही गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. गावात छापील कागद सहसा कोणी टाकत नाही. तो खिळ्याला अडकवला जातो, चंचीत राहतो. मग त्याच्या पाठीवर उपयोगाची माहिती का देऊ नये? जो कार्यक्रमाला येणार नाही, त्याच्यापर्यंतही ती पोचते. आम्ही मागे एवढेच छापले :

पोत्यातून वर-खाली हात घालून मूठ-मूठ बियाणे काढा आणि त्यातले सरसकट १०० दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा. वर दुसरे ओले गोणपाट टाकून गुंडाळी करा. सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी चांगले कोंब मोजा. ७० किंवा अधिक असतील तर एकरी ३० किलो बियाणे वापरा. कमी असतील तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा. ६० पेक्षा कमी असतील तर ते बियाणे पेरू नका. पेरणी ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावरच करा.

रोगनिदान शिबिर असेल तर मागे लाळ्या-खुरकुताच्या लसीची माहिती द्या, शाळेचा कार्यक्रम असेल तर दाखल्याला लागणाऱ्या कागदांची यादी द्या. शाई तेवढीच लागते.

वाटायची कधी आणि कशी

पत्रिका फार आधी दिली तर विसरते, आदल्या रात्री दिली तर सोय होत नाही. चार ते सहा दिवस आधी ठीक. ग्रामसभेचे मात्र नियम आहेत. नेहमीच्या सभेची सूचना सात दिवस आधी निघाली पाहिजे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. ती भरली नाहीत तर सभा तहकूब होते. म्हणून सूचनेत विषय नुसते ‘विकास आराखडा’ असे लिहू नका. ‘वरच्या आळीचा रस्ता आणि पाण्याची टाकी’ असे लिहा, म्हणजे वरची आळी आपणहून येईल. महिला सभेची वेळही त्याच कागदावर छापा.

आज मोबाईलच्या ग्रुपवर पत्रिका टाकली की काम झाले असे वाटते. ग्रुपवर जरूर टाका. पण लग्नाची पहिली पत्रिका आपण हळद-कुंकू लावून देवापुढे ठेवतो आणि भावकीला हातात देऊन “यायचं बरं का” म्हणतो. आवतणाचा खरा जोर त्या बोलण्यात आहे. डेअरीवर, पारावर, पिठाच्या गिरणीत माणसाच्या हातात कागद द्या आणि दोन वाक्ये बोला.

२० मे २०२३ ला पिंपळाच्या पारावर साठाच्या वर माणसे जमली. बहुतेकांच्या हातात बियाण्याची पिशवी होती. चंचीवाले आजोबा सर्वांच्या आधी येऊन बसले होते. घरी गोणपाटात १०० दाणे टाकून, मोजून आले होते. म्हणाले, “साहेब, चौसष्टच उगवलं. आता किती पेरू, तेवढं सांगा.”

आम्ही त्यांना एकरी सुमारे ३३ किलोचा हिशेब करून दिला. त्या वर्षी त्यांना दुबार पेरणी करावी लागली नाही.