डॉक्टरांपाशी संकोच कशाला?

कामगारांची गाऱ्हाणी मांडण्यात माझी हयात गेली. तेथे एक गोष्ट पक्की कळली. जी मागणी मागणीपत्रात लिहिली नाही, तिच्यावर वाटाघाट होत नाही. दवाखान्यातही तोच न्याय आहे. खोकला, पोटदुखी आपण बिनदिक्कत सांगतो. परंतु पतिपत्नीच्या शरीरसंबंधातील अडचण ओठांवर येऊन परत जाते.

हा संकोच आपल्या शब्दांतही मुरला आहे. 'गुप्तरोग' असे नाव दिले, की तो गुप्तच ठेवायचा असे मन धरून बसते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. कामजीवनाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना ते त्यात उघड उत्तरे देत. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, मासिक मात्र थांबले नाही.

न बोलण्याची किंमत काय पडते, हे पाहा. मधुमेहाने रक्तवाहिन्या व मज्जातंतू बिघडतात आणि पुरुषाच्या इंद्रियाला ताठरपणा येईनासा होतो. रक्तदाबाच्या काही औषधांनीही असे घडते. कधी कधी तर ती हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. स्त्रीला संबंधाच्या वेळी वेदना होतात, त्यामागे जंतुसंसर्ग असू शकतो, किंवा पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा. यांत ना पाप, ना नामुष्की. डॉक्टरांना कळले तर तपासणी होते, औषध बदलता येते.

डॉक्टरांना न सांगणारा मनुष्य मग भिंतीवरच्या जाहिरातीतला भोंदू गाठतो. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या दिसतातच. छातीच्या दुखण्यावर नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ताकदीची म्हणून मिळणारी गोळी परस्पर घेतली, तर रक्तदाब एकदम उतरून जिवावर बेतू शकते.

तेव्हा करावे काय? घरून चिठ्ठी लिहून न्यावी : त्रास कोणता, केव्हापासून, चालू औषधे कोणती. तोंडून शब्द फुटेना तर चिठ्ठीच पुढे करावी. खोलीत इतर रोगी असतील तर "डॉक्टरसाहेब, जरा एकांतात बोलायचे आहे" असे म्हणावे. स्त्रियांनी हवे तर स्त्री डॉक्टर मागावी. शास्त्रीय शब्द आठवला नाही तरी बिघडत नाही; घरातला साधा शब्द डॉक्टरांना समजतो. रोग्याची खाजगी माहिती गुप्त राखणे हे त्यांच्या व्यवसायाचे बंधन आहे आणि असे प्रश्न त्यांनी पुष्कळ ऐकलेले असतात.

एखाद्या डॉक्टरांनी हसण्यावारी नेलेच, तर दुसरे डॉक्टर गाठावेत. मागणी तेवढी मागे घेऊ नये.