वहिवाटीच्या वाटा : फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतील सायकलस्वारी

फ्रान्सच्या वायव्य टोकाला, ब्रिटनी प्रांतातील फिनिस्तेर जिल्ह्यात, लानिलिस नावाचे एक लहानसे गाव आहे. ‘त्रो ब्रो लेओन’ ही सायकलशर्यत दर वर्षी ऐन वसंतात तेथे भरते. तिच्या मार्गात चांगला डांबरी रस्ता मध्येच सोडून स्वारांना शेतांच्या बांधालगतच्या, गोटे वर आलेल्या आणि दोन चाकोऱ्यांच्या मधोमध गवत माजलेल्या वाटांवर मुद्दाम घातले जाते, आणि स्पर्धकांतील ब्रेतॉन स्वारांत जो पहिला येईल त्याला बक्षीस म्हणून डुकराचे पिल्लू देण्याचा परिपाठ आहे. या वाटांना ब्रेतॉन भाषेत ‘रिबिन’ म्हणतात. आपल्याकडे जिला पाणंद म्हणतात, तीच ही वस्तू. जाँ-पॉल मेलुए यांनी १९८४ साली ही शर्यत सुरू केली ती ब्रेतॉन भाषेतून शिक्षण देणाऱ्या ‘दीवान’ शाळांना द्रव्यसाहाय्य व्हावे म्हणून. हा दीवान आपल्या दप्तरातला दिवाण नव्हे. ब्रेतॉनमध्ये त्याचा अर्थ अंकुर असा होतो, आणि या शाळांपैकी पहिली १९७७ साली याच मुलखात, लांपॉल-प्लुदालमेझो येथे निघाली. वर्गातून हद्दपार झालेली भाषा आणि डांबराने वगळलेली वाट या दोहोंना एकाच दिवशी, एकाच उत्सवात मानाचे स्थान मिळावे, यात मला फार मोठे औचित्य दिसते.

अशा वाटांसाठी जी सायकल आज वापरतात तिला ‘ग्रॅव्हल’ म्हणजे खडीची सायकल म्हणतात. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, चाळीस मिलिमीटरांच्या आगेमागे रुंदीचे, बेताची हवा भरलेले टायर आणि उभा चढ बसल्या जागी काढता येईल असे हलके गिअर, एवढेच तिचे वैशिष्ट्य. हे नाव अमेरिकेतून आले. व्यवहार मात्र फ्रान्सला मुळीच नवा नाही. गुग्लिएलमिनेत्ती नावाच्या स्विस डॉक्टरने धुळीचा उपद्रव टाळण्यासाठी रस्त्यावर डांबर ओतण्याचा प्रयोग मोनॅकोत केला तो १९०२ साली. त्यापूर्वीचा फ्रेंच सायकलस्वार आपोआपच खडीवरचा स्वार होता. ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हे त्या पिढीचे आचार्य. त्यांनी १८८७ साली सँतेतिएन येथून सायकलस्वारांसाठी नियतकालिक काढले आणि एका गिअरवर डोंगर चढण्यात पुरुषार्थ मानणाऱ्यांशी आयुष्यभर वाद घालून अनेक गिअरांचा कैवार घेतला. ‘तूर द फ्रान्स’ने गिअर बदलण्याच्या यंत्राला मुभा दिली ती १९३७ साली, म्हणजे व्हेलोसियोंच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.

परंतु सायकल हा या विषयाचा निम्मा भाग झाला. इतक्या संपन्न आणि सुव्यवस्थित देशात कच्च्या वाटा इतक्या विपुल का उरल्या, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कायद्याच्या दप्तरात सापडते. २१ मे १८३६ च्या कायद्याने गावोगाव जोडणाऱ्या रस्त्यांचा भार गावांवर टाकला, आणि त्यासाठी धडधाकट पुरुषांकडून वर्षाकाठी तीन दिवसांपर्यंत काम किंवा त्याऐवजी पैसा घेण्याची तरतूद केली. बैल-घोडे आणि गाड्या यांच्यावरही हीच आकारणी होती. या रस्त्यांत ज्यांची गणना झाली नाही, अशा शिवारातल्या वाटांसाठी २० ऑगस्ट १८८१ चा स्वतंत्र कायदा झाला. या ‘शमँ रुराल’ म्हणजे ग्रामीण वाटा लोकांच्या वापरासाठी खुल्या असतात, पण त्या गावाची खासगी मिळकत समजल्या जातात. या एका भेदातून त्यांचे सगळे भाग्य आणि दुर्भाग्य निघाले आहे. गावाने स्वतःहून अंगावर घेतले नसेल तर त्यांची डागडुजी करण्याचे बंधन त्याच्यावर नसते, म्हणून डांबराचा खर्च कोणी केला नाही आणि मुरूम, माती, खडी जागच्या जागी राहिली. उलट, खासगी मिळकत असल्यामुळे शेजारच्या शेतकऱ्याने वाट नांगराखाली घेऊन तीस वर्षे निर्वेध कब्जा ठेवला, तर तिची मालकीही त्याच्याकडे जाऊ शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर जमिनींच्या एकत्रीकरणाची जी मोहीम देशभर चालली, तिने ब्रिटनीतील झुडपी कुंपणे उपटली आणि त्या कुंपणांच्या सावलीत शतकानुशतके खोल झिजत गेलेल्या वाटाही बुजवल्या. या ऱ्हासाला आळा म्हणून २१ फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने अशी सोय केली की, गावाने आपल्या वाटांची मोजदाद करण्याचा ठराव केला म्हणजे कब्जाच्या मुदतीची ही गणना जास्तीत जास्त दोन वर्षे थांबते.

या वाटांविषयीच्या कायद्यात एक कलम असे आहे की, वाटेवरून लोक ये-जा करतात एवढ्यावरून ती सार्वजनिक वापराची असल्याचे गृहीत धरले जाते. आपल्या जुन्या भाषेत सांगायचे, तर वहिवाट हाच पुरावा. हे वाचल्यापासून या सायकलस्वारीकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे मला शक्य होत नाही. धुळीत उमटलेली टायरची रेघ हीसुद्धा त्या वाटेच्या बाजूने दिलेली साक्षच होय.

वाटांची जात जमिनीगणिक पालटते. शाँपान्यमध्ये चुनखडी इतकी शुभ्र की द्राक्षमळ्यांतल्या रस्त्यांची धूळ पिठासारखी उडते. ७ जुलै २०२४ रोजी ‘तूर द फ्रान्स’चा नववा टप्पा त्र्वा शहराभोवतीच्या अशा १४ तुकड्यांवरून, एकूण ३२ किलोमीटर, नेण्यात आला आणि आंतोनी त्युर्जिस जिंकला. सोन-ए-ल्वारमधील जिव्री ते क्लूनी ही १९९७ मध्ये खुली झालेली ‘हरित वाट’ बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवरची असून कुटुंबासह जाण्यास उत्तम आहे. तिच्यापुढच्या ब्वा क्लेर बोगद्यात वटवाघळे हिवाळा काढतात म्हणून तो त्या ऋतूत बंद ठेवतात, हे मला विशेष आवडले.

पण माझे मन रमते ते दक्षिणेकडील सेव्हेन डोंगरात. तेथील ‘द्राय’ नावाच्या वाटा माणसाने आखलेल्याच नाहीत; लांगदॉकच्या तापलेल्या सखल प्रदेशातून उन्हाळ्याच्या आरंभी वर चढणाऱ्या मेंढ्यांच्या खुरांनी त्या कोरल्या, आणि हा पशुपालनाचा प्रदेश २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. माँ लोझेरच्या उघड्या माथ्यावर, बर्फात दिशा हरवू नये म्हणून वाटेच्या कडेला ग्रॅनाइटचे उभे दगड रोवलेले आहेत, आणि आसपासच्या वस्त्यांत केवळ हिमवादळात वाजवण्यासाठी बांधलेले घंटाघरांचे लहान मनोरे आहेत, ज्यांचा नाद ऐकत वाटसरू घर गाठीत. १८७८ साली रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन मोदेस्तीन नावाच्या गाढवीसह हाच माथा ओलांडून गेला. येथे घाईचा उपयोग नाही. ग्रॅनाइटच्या फरशांवर चाक उडते, आणि जो उतरून चार पावले चालायला लाजत नाही तोच सुखाने पलीकडे पोचतो.

पुण्या-मुंबईचे, नाशिकचे सायकलस्वार पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या बाराशे किलोमीटरांच्या दीर्घयात्रेला जातात. १८९१ पासूनची ही परंपरा आता चार वर्षांनी एकदा भरते आणि तिची पुढची पाळी २०२७ च्या ऑगस्टात आहे. ती यात्रा डांबरी रस्त्यांवरची आहे, आणि वेळेच्या बंधनात वाट सोडण्याची सवड तीत मिळणार नाही. जे जातील त्यांना माझी एवढीच विनंती की, यात्रा पुरी झाल्यावर परतीचे तिकीट चार दिवस पुढचे काढावे, आगगाडीने पुन्हा ब्रेस्टला यावे आणि तेथून एखाद्या रिबिनवर आपल्या चाकाची रेघ उमटवून जावे. ब्रेस्टहून लानिलिस उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरांवर आहे.