‘विक्रांत’ का वाचली नाही? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ १९६१ मध्ये नौदलात दाखल झाली, १९७१ च्या युद्धात तिच्यावरील विमानांनी चितगाव आणि कॉक्सबाजारवर हल्ले केले, आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. २०१४ मध्ये ऑनलाइन लिलावात ती सुमारे ६० कोटी रुपयांना विकली गेली व मुंबईतील दारुखान्यात तोडली गेली. त्यामुळे सरकारने केवळ या रकमेसाठी हा वारसा भंगारात काढला, असा समज रूढ झाला. वस्तुतः २००१ पासून ही नौका संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली होती. परंतु ती कायमस्वरूपी चालवणारा भागीदार महाराष्ट्र शासनाला मिळाला नाही, २०१२ मध्ये ती प्रेक्षकांसाठी असुरक्षित ठरून बंद झाली, आणि तिची अवस्था व निधीचा अभाव पाहून मुंबई उच्च न्यायालयाने लिलावाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली.

नौकेचे संग्रहालय करणे हा एकदाच करावयाचा खर्च आहे, हा समज याहून अधिक घातक आहे. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या नौकेचे पोलादी बूड सतत गंजत राहते. ते तपासून दुरुस्त करण्यासाठी तिला ठरावीक काळाने सुक्या गोदीत, म्हणजे पाणी उपसून कोरड्या करता येणाऱ्या गोदीत, न्यावे लागते, आणि हा खर्च प्रेक्षक आले नाहीत तरी टळत नाही. अमेरिकेतील ‘टेक्सास’ ही युद्धनौका १९४८ पासून स्मारक आहे, तरी गळक्या बुडाच्या दुरुस्तीसाठी टेक्सास राज्याच्या विधिमंडळाला २०१९ मध्ये साडेतीन कोटी डॉलर मंजूर करावे लागले. विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी २००२ पासून संग्रहालय म्हणून सुरू आहे, याचे एक मोठे कारण ती किनाऱ्यावर ओढून पक्क्या पायावर बसवली गेली हे आहे. सुमारे २१३ मीटर लांबीच्या ‘विक्रांत’साठी हा मार्ग सोपा नव्हता.

हा भार नौदलानेच उचलावा, परदेशांत तसेच होते, असेही म्हटले जाते. अमेरिकी कायद्यानुसार मात्र संग्रहालयासाठी दिलेल्या नौकेचा खर्च संघराज्य सरकारवर पडता कामा नये. नौका घेणाऱ्या राज्याने, शहराने किंवा न्यासाने तिच्या देखभालीची जबाबदारी आधीच स्वीकारावी लागते. भारतात नेमकी हीच पूर्वअट ढिली राहिली, आणि ती राहू देणे हा धोरणाचा गंभीर दोष होता.

मंत्रिमंडळाची मंजुरी म्हणजे निधी, हा समजही ‘विराट’ने खोटा ठरवला. या विमानवाहू नौकेचे सिंधुदुर्गातील निवती रॉक्सजवळ संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या प्रकल्पास राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली, पण तो सार्वजनिक-खासगी भागीदारीवर, म्हणजे खासगी गुंतवणूकदार पुढे येण्यावर, अवलंबून होता. २०२० मध्ये नौका तोडणीसाठी अलंगला गेली. आता त्याच परिसरात निवृत्त ‘गुलदार’ नौकेचे पाण्याखालील संग्रहालय करण्यासाठी केंद्राने निधी मंजूर केला आहे. उभारणीच्या या रकमेबरोबरच पुढील वीस-तीस वर्षांच्या देखभालीची तरतूद कोणत्या खात्याच्या अर्थसंकल्पात होणार, हे सिंधुदुर्गच्या आणि महाराष्ट्राच्या नागरिकांनी आताच विचारावे.