क्रम, संकलक आणि स्मृती-रोधक

वाक्यांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगावयास नको. संगणकाच्या आज्ञावलीत मात्र क्रम बदलण्याचे काम नित्य चालू असते, आणि तेही लिहिणाऱ्याच्या नकळत. हा बदल कोण करतो व त्याला मर्यादा कोणती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मनुष्याने लिहिलेली आज्ञावली यंत्रभाषेत उतरविणाऱ्या कंपायलरला मराठीत ‘संकलक’ ही संज्ञा मिळाली आहे. काव्यसंग्रहाचा संकलक कवितांचा क्रम लावतो, पण कवितेतील ओळींना हात लावीत नाही. हा संकलक वेगासाठी ओळी हलवितो, प्रसंगी गाळतोही. त्याचे बंधन एवढेच की, एकट्याने चालणाऱ्या आज्ञावलीच्या फलितात फरक पडू नये. प्रोसेसरही त्याच न्यायाने स्मृतीतील लेखन-वाचन मागेपुढे करतो.

बऱ्हाणपूरच्या केळीबाजारातील एक कल्पित उदाहरण घेऊ. तोलणारा पाटीवर वजन लिहितो व मग ‘तयार’ अशी खूण करतो. मुनीम खूण पाहून वजन वहीत उतरवितो. तोलणाऱ्यापुरते पाहिले तर क्रम उलटूनही बिघडत नाही. अखेर पाटीवर दोन्ही असतातच. परंतु खूण आधी झाली आणि मुनीम नेमका त्याच क्षणी आला, तर वहीत मागच्या गाडीचे वजन चढते. ‘खुणेपूर्वीचे सारे खुणेपूर्वीच झाले पाहिजे’ हा दंडक म्हणजे स्मृती-रोधक. मुनिमालाही तो लागू आहे: त्याने खूण आधी पाहावी, वजन नंतर वाचावे. रोधक काम थांबवीत नाही; ओलांडू नये अशी रेषा तेवढी आखतो.

या दंडकांना शास्त्रशुद्ध रूप देणाऱ्यांत सरिता अडवे यांचे स्थान मोठे आहे. पवईच्या आयआयटीतून त्या १९८७ मध्ये पदवीधर झाल्या. मार्क हिल यांच्यासह १९९० मध्ये त्यांनी मांडलेले सूत्र असे: आज्ञावली लिहिणाऱ्याने सामायिक गोष्टींवरील स्पर्धा योग्य खुणांनी टाळावी, मग यंत्राने लिखित क्रम पाळल्याचाच अनुभव त्याला द्यावा. जावा आणि सी++ या भाषांचे नियम पुढे याच पायावर उभे राहिले.

मॉरिस हर्लिही व एलियट मॉस यांनी १९९३ मध्ये ‘व्यवहारी स्मृती’ची यंत्ररचना मांडली. इंटेलने ती २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरात आणली. पुढच्याच वर्षी दोष आढळल्यामुळे त्यांत ती बंद करावी लागली. आयबीएमच्या पॉवर८ मध्येही ती होती. आरंभ आणि समाप्ती या दोन आज्ञांमधील सर्व लेखन एकदम प्रकट होते. दुसऱ्याने मध्येच त्याच जागेला हात घातला तर सारे रद्द होऊन स्थिती पूर्ववत् होते.

या आज्ञा प्रोसेसरच्या पातळीवर रोधकाचे काम करतात. पण संकलकाला ते ठाऊक असलेच पाहिजे. व्यवहार रद्द होतच राहिला तर साधे कुलूप लावून काम पुरे करावे लागते. म्हणून प्रत्येक व्यवहार आरंभानंतर प्रथम कुलूप उघडे आहे ना, हे वाचतो. त्या वाचनामुळे कुलपाची जागा यंत्राच्या पहाऱ्यात येते. नंतर कोणी कुलूप लावले की व्यवहार रद्द होतो. संकलकाने हे वाचन आरंभापूर्वी सरकविले, तर पहारा उठतो. कुलूपवाला आणि व्यवहारवाला एकाच वेळी आत शिरतात. यंत्र आपला शब्द पाळते आणि हिशेब तरीही चुकतो. जीसीसी या संकलकाच्या जुन्या आवृत्त्या पॉवरवरील या आज्ञांना रोधक मानीत नव्हत्या. नव्या आवृत्त्या मानतात, आणि तसे ओळखण्यासाठी एक खूणही देतात. ती नसेल तेथे लिहिणाऱ्याने रोधक स्वतः घालावयाचा असतो.

तात्पर्य, रोधक दोन आहेत: एक संकलकासाठी, दुसरा प्रोसेसरसाठी. एकाच्या भरवशावर दुसऱ्याला विसरणे धोक्याचे आहे. मराठी परिभाषेनेही हा भेद राखावा. पहिल्यास ‘संकलक-रोधक’ व दुसऱ्यास ‘यंत्र-रोधक’ म्हटले, तर शिकणाऱ्याला संज्ञेतच अर्धे उत्तर सापडेल.