रिमोटचा संदेश वाटेत कोठे अडतो?

सेट-टॉप बॉक्स एका खोलीत आणि दूरदर्शन संच दुसऱ्या खोलीत, ही व्यवस्था आता अनेक घरांत आढळते. दिवाणखान्यातील एकाच बॉक्सवरून केबल टाकून माडीवरील संचालाही चित्र पुरविता येते. मुख्याध्यापकांच्या कार्यालयात बॉक्स ठेवून वर्गातील पडद्यावर शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याची सोयही याच पद्धतीने करता येते. अडचण उद्भवते ती वाहिनी बदलताना. चित्र तारेतून भिंतीपलीकडे जाते. रिमोटचा संदेश मात्र भिंतीपाशीच थांबतो. ही उणीव भरून काढणारे साधन म्हणजे रिमोट एक्स्टेंडर होय.

हे साधन बंद पडले की ते निकामी झाले असे समजून नवे खरेदी केले जाते, किंवा दुसऱ्या खोलीतील संचच वापराविना पडून राहतो. वस्तुतः दोष पुष्कळदा एखाद्या सैल जोडात किंवा जागेवरून सरकलेल्या तारेत असतो. संदेशाची वाट समजून घेतली आणि ती टप्प्याटप्प्याने तपासली, तर असा दोष शोधण्यास कोणत्याही खास उपकरणाची गरज पडत नाही.

संदेशाची वाट

सामान्य रिमोटमधून अवरक्त किरण बाहेर पडतात. त्यांची तरंगलांबी सुमारे ९४० नॅनोमीटर असल्याने ते डोळ्यांना दिसत नाहीत. हा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याच्या लहानमोठ्या तुकड्यांतून आज्ञा व्यक्त होते. प्रकाशच असल्यामुळे तो भिंतीतून किंवा लाकडी दारातून आरपार जात नाही.

एक्स्टेंडरचे मुख्य भाग तीन. दूरच्या संचाजवळ ठेवलेला ग्राहक रिमोटचा प्रकाश टिपून त्याचे विद्युतसंकेतात रूपांतर करतो; त्यास आपण सोयीसाठी ‘डोळा’ म्हणू. दुसरा भाग संकेत वाहून नेणारी तार. तिसरा, बॉक्ससमोर चिकटविलेला लहान प्रकाशक. तो त्या संकेताचे पुन्हा अवरक्त प्रकाशात रूपांतर करतो.

काही संचांत या कामासाठी स्वतंत्र तार असते. काहींत चित्र आणणाऱ्या केबलमधूनच संदेश उलट दिशेने परत जातो आणि डोळ्यास लागणारा अल्प दाबाचा वीजपुरवठाही त्याच केबलमधून होतो. ब्रिटनमध्ये उपग्रह वाहिन्या घेणाऱ्या घरांत ही दुसरी पद्धत विशेष रूढ झाली. तेथे बॉक्समधूनच ९ व्होल्टचा पुरवठा केबलमध्ये सोडला जाई. मात्र बॉक्सच्या मांडणीत तो चालू करून ठेवावा लागे.

तपासणीचा क्रम

१. रिमोट : प्रथम बॉक्ससमोर उभे राहून रिमोट चालतो का ते पाहावे. न चालल्यास सेल बदलावेत. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबल्यास पडद्यावर फिकट जांभळा किंवा पांढरा प्रकाश दिसतो. काही भ्रमणध्वनींच्या मागील कॅमेऱ्यात हा प्रकाश गाळला जातो. तेव्हा पुढील कॅमेरा वापरावा. बॉक्स बटणास प्रतिसाद देतो, पण प्रकाश मुळीच दिसत नाही, असे आढळल्यास तो रिमोट ब्लूटूथ किंवा रेडिओलहरींवर चालणारा असण्याचा संभव आहे. अशा रिमोटला हा एक्स्टेंडर उपयोगी पडत नाही.

२. वीजपुरवठा : ॲडॉप्टरवरील व्होल्टचा आकडा एक्स्टेंडरवरील आकड्याशी जुळतो का, हे पाहावे. एकासारखे दिसणारे ॲडॉप्टर परस्परांत बदलले जाणे ही नेहमीची चूक आहे. केबलमधून पुरवठा होत असल्यास बॉक्सवरील मांडणी तपासावी.

३. डोळा : बहुतेक डोळ्यांवर खुणेचा छोटा दिवा असतो. बटण दाबताच तो लुकलुकला पाहिजे. बटण न दाबताही तो सतत लुकलुकत असेल, तर बाह्य प्रकाशाचा उपद्रव आहे असे समजावे. थेट ऊन, सीएफएल दिवे आणि काही संचांचे पडदे यांमुळे असे घडते. डोळा हाताने झाकताच लुकलुकणे थांबले, तर त्याची जागा बदलावी. बॉक्सजवळील प्रकाशकाचा उजेड त्याच खोलीतील डोळ्यावर पडत असेल, तर संदेश स्वतःभोवतीच फिरत राहतो. त्या दोहोंमध्ये आडोसा हवा.

४. तार व जोड : डोळा काढून बॉक्सजवळ आणावा आणि आखूड तारेने जोडून पाहावा. येथे तो चालला, तर दोष मधल्या तारेत आहे हे निश्चित झाले. चित्र स्वच्छ दिसते म्हणून केबल निर्दोष असे मानू नये. मधली तार किंचित तुटली असली, तरी चित्राच्या उच्च कंप्रतेच्या लहरी ती फट ओलांडू शकतात. डोळ्यास लागणारी एकदिश वीज मात्र तेथेच थांबते. स्प्लिटर वीज पुढे जाऊ देणारा आहे का, हेही पाहावे. मध्ये एकाच दिशेने काम करणारा ॲम्प्लिफायर बसविला असेल, तर चित्र पुढे जाईल, पण संदेश मागे येणार नाही.

५. प्रकाशक : चिकटपट्टी सुटून प्रकाशक खाली सरकणे हा अगदी साधा, म्हणूनच दुर्लक्षित राहणारा दोष आहे. बॉक्सच्या काळसर पट्टीवर विजेरी रोखल्यास आतील ग्राहकाची जागा बहुधा दिसते. प्रकाशक नेमका तेथे आणावा. अगदी चिकटवून चालत नसेल, तर दोन-तीन सेंटिमीटर दूर ठेवून पाहावा. अतितीव्र प्रकाशानेही बॉक्सचा ग्राहक गोंधळतो.

जे दोष नव्हेत

वाहिनी आपोआप बदलते, अशी तक्रार येते. अशा वेळी दुसऱ्या खोलीत कोणी बटण दाबले नाही ना, याची खात्री करावी. एक बॉक्स एका वेळी एकच वाहिनी अनेक पडद्यांवर पाठवितो. एक्स्टेंडरमुळे ही मर्यादा ओलांडली जात नाही. शाळांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात घेणे अगत्याचे आहे. २०२० साली जाहीर झालेल्या पीएम ई-विद्या उपक्रमात इयत्ता पहिली ते बारावीसाठी प्रत्येकी एक वाहिनी योजण्यात आली. दोन इयत्तांना एकाच वेळी आपापले पाठ पाहावयाचे असतील, तर एक्स्टेंडर कितीही उत्तम असला तरी दोन बॉक्स लागतील. खरेदीचा प्रस्ताव तयार करतानाच याचा विचार झाला, तर पुढचा मनस्ताप टळेल.

कोणताही जोड सोडविण्यापूर्वी विजेचे बटण बंद करावे आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केल्यास गुण कशाने आला हे कळत नाही. तारा कोठून कोठे जातात याचा साधा आराखडा काढून बॉक्सशेजारी चिकटवावा आणि प्रत्येक दुरुस्तीची तारीख त्यावर लिहावी. शिक्षकांची बदली होते, पंचायतीचे सदस्य बदलतात. भिंतीवरचा तो कागद मात्र पुढच्या माणसाच्या उपयोगी पडतो. सार्वजनिक पैशातून आलेला संच एका सैल जोडापायी बंद राहू नये, यासाठी एवढी दक्षता पुरेशी आहे.