अनंत एक की अनेक?

मंडळी, ज्याला शेवटच नाही त्यात लहान-मोठं कसं असेल? असा प्रश्न मागच्या व्याख्यानानंतर आला होता. प्रश्न रास्त आहे. आज आपण तोच घेऊ.

आधी ‘तितकेच’ म्हणजे काय ते ठरवू. पंगत बसली आहे. प्रत्येक पानावर एक माणूस, एकही पान रिकामं नाही, कोणी उभंही नाही. पानं आणि माणसं सारखीच आहेत हे न मोजता कळलं ना? म्हणजे जोड्या लागल्या की पुरे.

आता १, २, ३, ४ अशा संख्या घ्या आणि त्यांचे वर्ग १, ४, ९, १६ घ्या. वर्ग कमी असणार असं वाटतं, कारण मधल्या कितीतरी संख्या गळल्या. पण प्रत्येक संख्येला तिचा वर्ग जोडला, तर दोन्हीकडे कोणीच उरत नाही! गॅलिलिओने १६३८ साली हे मांडलं, आणि अनंताला कमी, जास्त, समान हे शब्द लागूच पडत नाहीत असं म्हणून तो थांबला.

गेऑर्ग कॅन्टर थांबला नाही. १८९१ साली त्याने दिलेली युक्ती पाहा. ० आणि १ यांच्यामधल्या सगळ्या दशांश संख्यांची यादी केली आहे असं धरू: पहिली, दुसरी, तिसरी… आता एक नवी संख्या लिहू. यादीतल्या पहिल्या संख्येचा पहिला अंक ५ असेल तर आपण ६ लिहू, नसेल तर ५. दुसरीच्या दुसऱ्या अंकाचं तेच, तिसरीच्या तिसऱ्याचं तेच. ही नवी संख्या पहिलीपेक्षा पहिल्या अंकात वेगळी, दुसरीपेक्षा दुसऱ्या अंकात वेगळी. म्हणजे ती यादीत कुठेच नाही.

विद्यार्थी हमखास म्हणतात, ‘मग घाला की तिला यादीत!’ घाला. पण त्या नव्या यादीवर हीच युक्ती पुन्हा चालते. दोष एखाद्या यादीचा नाही. अशी पुरी यादी असूच शकत नाही. पंगत कशीही बसवा, कोणीतरी उभं राहणारच. हे अनंत मोठं आहे, ते या अर्थाने.

मग गॅलिलिओ चुकला का? आम्ही तसं म्हणणार नाही. ‘पूर्ण हे अंशापेक्षा मोठं’ आणि ‘जोड्या लागल्या तर सारखं’ या दोन कल्पना सान्त जगात एकत्र नांदतात, अनंतात त्यांची फारकत होते. कॅन्टरने दुसरी निवडली. ती निवड त्याची. पण एकदा निवडल्यावर जे निघालं ते त्याच्या मर्जीवर नव्हतं. क्रोनेकरसारख्या मोठ्या गणितज्ञाचा विरोध होता, तरी सिद्धता उभी राहिली.

आता या दोन अनंतांच्या मधल्या आकाराचं तिसरं अनंत आहे का? गोडेल आणि १९६३ साली पॉल कोहेन यांच्या कामातून दिसलं, की गणिताची रूढ गृहीतकं सुसंगत असतील तर त्यांवरून याचं ‘हो’ही सिद्ध होत नाही आणि ‘नाही’ही. मग त्याला खरं उत्तर तरी आहे का? इथे गणित आपल्याला तत्त्वज्ञानाच्या दारात आणून सोडतं. पुढच्या वेळी तिथूनच आत जाऊ.